साथीचा पहिला रुग्ण कुठे जातो?

पश्चिम आफ्रिकेतील गिनी या देशाच्या दक्षिणेकडील जंगलपट्ट्यात मेलियांदू नावाचे एक लहानसे गाव आहे. डिसेंबर २०१३ मध्ये या गावातील जेमतेम दोन वर्षांचे एक मूल ताप आणि उलट्यांनी आजारी पडले आणि काही दिवसांतच दगावले. त्याच्यापाठोपाठ घरातील माणसे गेली, मग त्यांची शुश्रूषा करणारी, मग अंत्यविधीला आलेली. हा आजार इबोला आहे हे प्रयोगशाळेतील तपासणीने सिद्ध झाले ते मार्च २०१४ मध्ये, म्हणजे सुमारे तीन महिन्यांनी, आणि तेही नमुने फ्रान्सला पाठवल्यानंतर. जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली ती ८ ऑगस्ट २०१४ रोजी. ही साथ शमेपर्यंत गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या तीन देशांत मिळून २८,६०० हून अधिक रुग्णांची आणि ११,३०० हून अधिक मृत्यूंची नोंद झाली.

सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करणारा संशोधक या आकड्यांकडे पाहतो तेव्हा त्याचे लक्ष अकरा हजारांपेक्षाही त्या पहिल्या तीन महिन्यांवर अधिक खिळते. या काळात आजारी माणसे अदृश्य नव्हती. ती कुणाच्या तरी घरात झोपलेली होती, कुणीतरी त्यांना पाणी पाजत होते, त्यांतली काही दवाखान्यातही गेली होती. तरीही ज्या यंत्रणेला त्यांची माहिती कळायला हवी होती, त्या यंत्रणेपर्यंत ती पोहोचली नाही. माहिती नेमकी कोणत्या पायरीवर अडली, किती दिवस अडली आणि का अडली, याचा शोध घेणे हे या संशोधकाचे मुख्य काम असते. साथरोगांची पूर्वतयारी आणि आरोग्यसेवेची पोहोच हे दोन विषय वरवर वेगळे वाटतात. पहिला आणीबाणीचा आणि दुसरा रोजच्या सर्दी-तापाचा, बाळंतपणाचा, मधुमेहाच्या गोळ्यांचा. प्रत्यक्षात मात्र ते एकाच रस्त्याची दोन टोके आहेत, आणि हा लेख त्या रस्त्याविषयी आहे.

पूर्वतयारी म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर गोदामे येतात: मुखपट्ट्या, संरक्षक पोशाख, प्राणवायूच्या टाक्या, लसींचा साठा. हे सगळे लागतेच. परंतु गोदामाचे कुलूप कधी उघडायचे हे आधी कुणीतरी सांगावे लागते, आणि ते सांगण्याची सुरुवात होते ती एका आजारी माणसापासून. नवी साथ स्वतःची ओळख सांगत येत नाही. इबोलाची सुरुवातीची लक्षणे हिवतापासारखी असतात, न्यूमोनियाची विषाणूजन्य साथ पहिल्या आठवड्यात साध्या तापासारखी दिसते, कॉलरा इतर जुलाबांमध्ये सहज मिसळून जातो. म्हणून पहिला रुग्ण साथरोगतज्ज्ञाकडे कधीच जात नाही. तो जवळच्या दवाखान्यात जातो, औषधाच्या दुकानात जातो, वैदूकडे जातो किंवा कुठेच जात नाही. तो कुठे जाईल हे त्या ठिकाणी रोजची आरोग्यसेवा कशी आहे यावर ठरते, आणि ते साथ येण्याच्या कितीतरी वर्षे आधी ठरून गेलेले असते.

हे अधिक स्पष्ट व्हावे म्हणून एक काल्पनिक हिशेब मांडू. समजा, एखाद्या भागात नव्या आजाराने शंभर माणसे आजारी पडली. त्यांपैकी साठ जणांनी बाहेर कुणाला तरी दाखवायचे ठरवले. या साठांपैकी निम्मे, म्हणजे तीस जण, नोंद ठेवणाऱ्या दवाखान्यात पोहोचले. तिथल्या डॉक्टरांना वा परिचारिकांना यांपैकी पाचांत एकाच्या बाबतीत ‘हे नेहमीचे दिसत नाही’ अशी शंका आली, म्हणजे सहा जणांच्या. त्या सहांपैकी तिघांचे नमुने तपासणीला गेले, आणि त्यांतल्या दोघांचे निष्कर्ष वेळेत आले. शंभरांतले दोन यंत्रणेला दिसले. यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की या पायऱ्यांचा गुणाकार होतो. प्रयोगशाळा कितीही उत्तम केली आणि तिन्ही नमुन्यांचे निष्कर्ष वेळेत मिळू लागले, तरी दोनाचे तीन होतात. मात्र दवाखान्यात पोहोचणाऱ्यांचे प्रमाण निम्म्यावरून वाढून साठपैकी साठ जण तिथे पोहोचले, तर पुढे काहीही न बदलता दोनाचे चार होतात. प्रयोगशाळेवर केलेला खर्च दिसतो, त्याचे उद्घाटन करता येते. माणूस दवाखान्याच्या दारापर्यंत येण्यासाठी केलेला खर्च तसा दिसत नाही. धोरण आखणाऱ्यांना हा गुणाकार पुन्हापुन्हा दाखवणे, आणि आपल्या प्रदेशात गळती नेमकी कोणत्या पायरीवर आहे ते मोजून देणे, हे संशोधनाचे व्यावहारिक मूल्य आहे.

आता वेळेचा विचार करू. रुग्णसंख्या दर आठवड्याला दुप्पट होत आहे असे धरले, तर एका रुग्णाचे तीन आठवड्यांत आठ होतात, सहा आठवड्यांत चौसष्ट आणि दहा आठवड्यांत एक हजाराच्या पुढे. लस वा औषध नसलेल्या आजारात रुग्णाला वेगळे ठेवणे आणि त्याच्या संपर्कात आलेल्या प्रत्येकाला शोधून त्याच्यावर लक्ष ठेवणे हाच मुख्य उपाय असतो, आणि हा उपाय रुग्ण थोडे असतानाच शक्य असतो. याचे प्रत्यक्ष उदाहरण नायजेरियाचे आहे. २० जुलै २०१४ रोजी लायबेरियाहून आलेला एक आजारी प्रवासी लागोस शहरात उतरला. सुमारे दोन कोटी वस्तीच्या त्या महानगरात इबोला पसरला असता तर काय झाले असते याची कल्पना करणेही कठीण आहे. तिथे एकूण २० जणांना लागण झाली, आठ जण दगावले आणि २० ऑक्टोबर २०१४ रोजी देश इबोलामुक्त जाहीर झाला. या वीस रुग्णांसाठी जवळपास ९०० संपर्कातील व्यक्तींचा माग काढावा लागला आणि त्यांच्या घरी मिळून सुमारे १८,५०० भेटी द्याव्या लागल्या. म्हणजे एका रुग्णामागे ४५ माणसे आणि नऊशेच्या वर भेटी. हाच हिशेब अठ्ठावीस हजार रुग्णांना लावून पाहिला की संपर्क शोधण्याचे काम उशिरा सुरू झाले तर ते का कोलमडते हे वेगळे समजावण्याची गरज उरत नाही.

नायजेरियाचे यश दोन गोष्टींवर उभे होते आणि दोन्ही आधीपासून तिथे होत्या. पहिली म्हणजे एक सजग डॉक्टर. अमेयो स्टेला अडाडेव्हो यांनी हिवताप म्हणून दाखल झालेल्या त्या प्रवाशाच्या आजाराविषयी शंका घेतली, तपासणीचा आग्रह धरला आणि त्याला सोडून देण्यासाठी आलेला दबाव झुगारला. पुढे त्यांना स्वतःला लागण झाली आणि १९ ऑगस्ट २०१४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्याविषयी लिहिताना मन जड होते. एका माणसाच्या ठाम नकारामुळे किती जीव वाचले हे मोजण्याचे कोणतेही सूत्र आपल्याकडे नाही. दुसरी गोष्ट म्हणजे पोलिओ निर्मूलनासाठी उभारलेले आणीबाणी केंद्र. घरोघरी जाणारी माणसे, नकाशे, संपर्काची साधने आणि रोजचा आढावा घेण्याची सवय हे सारे पोलिओच्या कामातून तयार झालेले होते. तेच इबोलासाठी वळवले गेले. इबोलासाठी म्हणून वेगळी यंत्रणा शून्यातून उभी करायला घेतली असती, तर ती तयार होईपर्यंत किती आठवडे गेले असते?

हा वेळ मोजण्यासाठी अलीकडे एक सोपा मापदंड रूढ होऊ लागला आहे. २०२१ मध्ये मांडल्या गेलेल्या या मापदंडाला ‘सात-एक-सात’ म्हणतात: उद्रेक सुरू झाल्यापासून सात दिवसांत तो लक्षात यावा, लक्षात आल्यावर एका दिवसात तो सार्वजनिक आरोग्य यंत्रणेला कळवला जावा, आणि त्यानंतरच्या सात दिवसांत प्रतिसादाची प्राथमिक कामे पूर्ण व्हावीत. मला या मापदंडाचे मोल यासाठी वाटते की तो कागदावरची क्षमता विचारत नाही, घडलेल्या गोष्टीचे दिवस विचारतो. प्रत्येक लहानमोठ्या उद्रेकानंतर हे तीन आकडे लिहिले, तर काही वर्षांतच कुठे उशीर होतो याचा आलेख तयार होतो. पहिल्या सातमध्ये उशीर होत असेल तर रुग्ण सेवेपर्यंत पोहोचत नाहीत किंवा पोहोचूनही ओळखले जात नाहीत. मधल्या एकमध्ये होत असेल तर कळवणाऱ्याला कशाची तरी भीती वाटते आहे.

ही भीती खरी असते. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली २००५ साली संमत झाली आणि २००७ पासून लागू आहे. तिच्यानुसार देशांनी संशयास्पद घटनेचे मूल्यमापन ४८ तासांत करून, ती आंतरराष्ट्रीय महत्त्वाची ठरल्यास २४ तासांच्या आत जागतिक आरोग्य संघटनेला कळवायचे असते. पण नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील शास्त्रज्ञांनी करोना विषाणूचा जो प्रकार पुढे ओमिक्रॉन म्हणून ओळखला गेला त्याची माहिती तत्परतेने जगापुढे ठेवली, आणि काही दिवसांतच अनेक देशांनी दक्षिण आफ्रिकेतून येणारी विमाने थांबवली. प्रामाणिकपणे कळवणाऱ्याच्या वाट्याला शिक्षाच आली, तर पुढचा माणूस कळवण्यापूर्वी थबकणारच. देशांच्या पातळीवर जे घडते तेच एखाद्या लहान आरोग्य केंद्रातही घडते: नोंदवलेले रुग्ण वाढले म्हणून जाब विचारला जात असेल, तर नोंदी आपोआप कमी होतात.

आता पोहोच या शब्दाकडे वळू, कारण तो दिसतो त्यापेक्षा बराच गुंतागुंतीचा आहे. एखाद्या गावापासून ठरावीक अंतरावर आरोग्य केंद्र आहे म्हणजे त्या गावाला सेवा मिळते, असे समजले जाते. १९७८ मध्ये तानाहाशी या अभ्यासकाने जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात याची जी उकल केली ती आजही उपयोगी पडते. सेवा उपलब्ध असणे ही एक पायरी. तिथपर्यंत जाता येणे ही दुसरी. ती लोकांना स्वीकारार्ह वाटणे ही तिसरी. लोकांनी ती प्रत्यक्ष घेणे ही चौथी. आणि घेतलेल्या सेवेने गुण येणे ही पाचवी. प्रत्येक पायरीवर काही माणसे गळतात आणि शेवटी जेवढी उरतात तेवढीच सेवेची खरी पोहोच. इमारत आहे पण औषध नाही, औषध आहे पण परिचारिका आठवड्यातून दोनच दिवस येते, ती येते पण रुग्णाशी अपमानास्पद बोलते, बोलणे चांगले आहे पण निदान चुकते. यांपैकी काहीही एक घडले तरी नकाशावरचा तो ठिपका त्या कुटुंबासाठी निरर्थक होतो.

अंतरही नकाशावरच्या सरळ रेषेने मोजून चालत नाही. नदी, डोंगर, रस्त्याची अवस्था, वाहन आहे की नाही, हे सगळे धरून प्रवासाचा वेळ काढावा लागतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा एका जागतिक नकाशानुसार वाहन उपलब्ध असूनही तासाभरात रुग्णालयात वा दवाखान्यात पोहोचू न शकणाऱ्यांचे प्रमाण जगाच्या लोकसंख्येच्या सुमारे नऊ टक्के आहे. आणि पायीच जावे लागले तर हेच प्रमाण ४३ टक्क्यांवर जाते, म्हणजे तीनशे कोटींहून अधिक माणसे. तापाने फणफणलेला माणूस तासाहून अधिक चालत जाईल का, आणि कामाचा दिवस बुडवून घरचे कुणी त्याच्यासोबत जाईल का, याचे उत्तर देण्यासाठी संशोधक असण्याची गरज नाही. मात्र असे किती जण आहेत आणि ते नेमके कोणत्या वस्त्यांत आहेत हे सांगण्यासाठी संशोधन लागते.

पैशाचा अडसर तर आणखी खोल आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक बँक यांच्या २०२३ च्या अहवालानुसार २०२१ साली जगातील सुमारे ४५० कोटी लोकांना अत्यावश्यक आरोग्यसेवा पूर्णपणे मिळत नव्हत्या, आणि २०१९ साली सुमारे २०० कोटी लोक उपचारांच्या खर्चामुळे आर्थिक अडचणीत सापडलेले होते. उपचारांसाठी कर्ज काढलेल्या कुटुंबाचा पुढच्या आजारपणातला निर्णय ठरलेला असतो: थांबून पाहू. रोगप्रसाराच्या भाषेत या ‘थांबून पाहू’चा अर्थ आजार पसरवणारे आणखी तीन-चार दिवस असा होतो. शिवाय विलगीकरणाचा सल्ला रोजंदारीवर जगणाऱ्याला देताना त्याच्या चुलीची व्यवस्था कोण करणार हा प्रश्न आरोग्य खात्याच्या कक्षेबाहेरचा मानला जातो. माझ्या मते तो साथनियंत्रणाचाच भाग आहे, कारण उपाशीपोटी कुणीही चौदा दिवस घरात बसत नाही.

या अडथळ्यांचा अभ्यास करण्याची पद्धत बरीच कष्टाची आहे. दवाखान्याच्या नोंदवहीत आलेल्या माणसांची नावे असतात. न आलेल्यांची नसतात. त्यामुळे केवळ नोंदवह्यांवरून निष्कर्ष काढणारा अभ्यास मुळातच एकांगी ठरतो, आणि जिथे सेवा सर्वांत कमकुवत तिथेच रोग सर्वांत कमी, असे उफराटे चित्र त्यातून दिसू शकते. म्हणून संशोधक यादृच्छिक पद्धतीने घरे निवडून दारोदार जातात आणि विचारतात: गेल्या दोन आठवड्यांत घरात कुणाला ताप आला होता का? आला असल्यास आधी कुठे गेलात, मग कुठे? किती दिवसांनी? गेला नसाल तर का नाही? या उत्तरांवरून दवाखान्यात दिसणाऱ्या एका रुग्णामागे घरात न दिसणारे किती, हे गुणोत्तर काढता येते. माता-मृत्यूंच्या अभ्यासातून १९९४ मध्ये पुढे आलेली ‘तीन विलंबां’ची मांडणी इथेही कामी येते: उपचार घेण्याचा निर्णय घेण्यात झालेला विलंब, पोहोचण्यात झालेला विलंब आणि पोहोचल्यावर योग्य उपचार मिळण्यात झालेला विलंब. कोणता विलंब किती दिवसांचा हे कळल्याशिवाय त्यावर उपाय सुचवणे म्हणजे अंधारात बाण मारणे होय.

न दिसणाऱ्यांमध्ये मृतही असतात. जगात होणाऱ्या दर दहा मृत्यूंपैकी सुमारे चारांची अधिकृत नोंदच होत नाही. कोविडच्या काळात याचा परिणाम ढळढळीतपणे दिसला. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत जगभरात कोविडमुळे झालेले म्हणून कळवलेले मृत्यू सुमारे ५४ लाख होते. याच काळात साथीमुळे प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे झालेले अतिरिक्त मृत्यू, म्हणजे एरवी अपेक्षित असतात त्यांपेक्षा जास्त झालेले मृत्यू, मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार सुमारे १ कोटी ४९ लाख होते. या अंदाजावर काही देशांनी आक्षेप घेतले, आणि आक्षेप घेता येतात याचे कारणच नोंदींचा अभाव हे आहे.

दवाखान्यात न येणाऱ्यांचा माग काढण्याचा एक वेगळा मार्ग सांडपाण्यातून जातो. आजारी माणूस कुणाकडे गेला नाही तरी त्याच्या मलमूत्रातून अनेक विषाणू बाहेर पडतात, आणि सांडपाण्याच्या नमुन्यांत ते सापडतात. २०२२ मध्ये लंडनच्या सांडपाण्यात पोलिओचा विषाणू असाच आढळला, आणि एकही मूल लुळे पडलेले नसताना लसीकरणाची मोहीम हाती घेता आली. या पद्धतीविषयी सध्या मोठा उत्साह आहे आणि तो रास्तही आहे. तरी तिची मर्यादा लक्षात ठेवायला हवी: जिथे गटारांचे जाळेच नाही तिथे नमुना घ्यायचा कुठून? विषाणू अमुक भागात आहे एवढेच ती सांगते. कोणाला ताप आहे आणि त्याच्यापर्यंत औषध कसे न्यायचे हे सांगत नाही.

देशांची तयारी मोजणाऱ्या क्रमवाऱ्याही या संदर्भात पाहण्यासारख्या आहेत. २०१९ साली, म्हणजे कोविड सुरू होण्याच्या अगदी तोंडावर, प्रसिद्ध झालेल्या जागतिक आरोग्य सुरक्षा निर्देशांकात १९५ देशांमध्ये अमेरिका पहिली होती. प्रयोगशाळा, संशोधन, लसनिर्मिती या बाबींत हे स्थान समजण्यासारखे होते. परंतु त्याच निर्देशांकात आरोग्यसेवेच्या उपलब्धतेसाठी एक वेगळा घटक होता आणि त्यात अमेरिकेचा क्रमांक १७५ वा होता. पुढे तिथे कोविडने दहा लाखांहून अधिक बळी घेतले. केवळ या एका घटकामुळे ते झाले असे म्हणणे अन्यायाचे होईल. राजकीय निर्णय, लोकांचा परस्परांवरील अविश्वास, आधीपासूनचे आजार ही कारणेही होतीच. तरीही सर्व घटकांची सरासरी काढल्यावर एवढी मोठी उणीव झाकली जाऊ शकते, ही गोष्ट अशा क्रमवाऱ्या वाचणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. थायलंडने २००२ पासून सर्व नागरिकांना आरोग्यसंरक्षण दिले आहे, आणि दहा लाखांहून अधिक ग्रामीण आरोग्य स्वयंसेवकांचे जाळे तिथे अनेक दशकांपासून काम करीत आले आहे. चीनबाहेरचा पहिला कोविड रुग्ण १३ जानेवारी २०२० रोजी थायलंडने जाहीर केला, आणि साथीच्या पहिल्या वर्षात हेच स्वयंसेवक घरोघरी फिरून बाहेरगावाहून आलेल्यांवर लक्ष ठेवत होते. लोक त्यांना दार उघडत होते, कारण तेच स्वयंसेवक एरवी रक्तदाब मोजायला आणि डेंग्यूच्या डासांची पैदास रोखायला त्यांच्याकडे येत असत.

दार उघडणे ही साधी गोष्ट नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये गिनीतील वोमे या गावात इबोलाची माहिती द्यायला गेलेल्या पथकावर जमावाने हल्ला केला आणि त्यातील आठ जणांना ठार मारले. ज्या भागात एरवी आरोग्यसेवा फिरकत नाही, तिथे अचानक पांढऱ्या पोशाखातली, चेहरा झाकलेली माणसे येऊन आजाऱ्यांना घेऊन जातात आणि ते परत येत नाहीत, मृतदेह नातेवाइकांना न दाखवता पुरले जातात. अशा वेळी लोकांच्या मनात काय येत असेल याचा विचार आधी झाला नव्हता. मानववंशशास्त्रज्ञांच्या मदतीने नंतर अंत्यविधीची पद्धत बदलली गेली, कुटुंबीयांना आणि धर्मगुरूंना त्यात स्थान मिळाले, आणि ‘सुरक्षित व सन्मानपूर्वक दफन’ हा कार्यक्रमाचा भाग झाला. सन्मान हा शब्द त्या नियमावलीत येण्यास इतके महिने लागावेत याचे मला अजूनही वाईट वाटते.

साथीच्या काळात नेहमीची सेवा बंद पडली तर काय होते, ही या विषयाची दुसरी बाजू आहे, आणि तिची दखल फार कमी घेतली जाते. पश्चिम आफ्रिकेतील त्या तीन देशांत साथीपूर्वीच लाखभर लोकांमागे एक-दोन डॉक्टर होते. साथीत आठशेहून अधिक आरोग्य कर्मचाऱ्यांना लागण झाली आणि पाचशेहून अधिक दगावले. लायबेरियाने आपल्या डॉक्टर, परिचारिका आणि सुईणींपैकी सुमारे आठ टक्के गमावले. दवाखाने ओस पडले, लसीकरण थांबले, स्त्रिया घरीच बाळंत होऊ लागल्या. या काळात हिवताप, क्षयरोग आणि एचआयव्ही यांच्या उपचारांत खंड पडल्यामुळे सुमारे १०,६०० जादा मृत्यू झाले असावेत असा एका अभ्यासाचा अंदाज आहे, म्हणजे इबोलाने घेतले जवळपास तेवढेच. काँगो लोकशाही प्रजासत्ताकात २०१८ ते २०२० या काळात इबोलाने सुमारे २,३०० बळी घेतले आणि जगाचे लक्ष तिकडे लागले. त्याच देशात २०१९ पासून सुरू झालेल्या गोवराच्या साथीत जानेवारी २०२० पर्यंत सहा हजारांहून अधिक माणसे दगावली होती, ज्यांत बहुतांश लहान मुले होती. गोवराची लस साठाहून अधिक वर्षे जुनी आहे. ती शोधायची नव्हती, फक्त पोहोचवायची होती.

उलट बाजूने पाहायचे तर रवांडाकडे पाहावे. २७ सप्टेंबर २०२४ रोजी तिथे मारबर्ग या इबोलाच्या कुळातील विषाणूचा उद्रेक जाहीर झाला. पूर्वीच्या उद्रेकांत या आजाराचा मृत्युदर २४ ते ८८ टक्क्यांच्या दरम्यान राहिला आहे. रवांडात ६६ जणांना लागण झाली, ज्यांत बहुसंख्य आरोग्य कर्मचारी होते, आणि १५ दगावले. २० डिसेंबरला उद्रेक संपल्याचे जाहीर झाले. त्या देशात बहुतांश लोकसंख्येला सामुदायिक आरोग्यविमा आहे, गावोगावी आरोग्य स्वयंसेविका आणि स्वयंसेवक आहेत, आणि राजधानीत अतिदक्षता उपचारांची सोय उभी होती. आजाऱ्यांना वेळेवर सलाईन, प्राणवायू आणि गरजेनुसार कृत्रिम श्वसन मिळाले. सलाईन आणि प्राणवायू या गोष्टी मारबर्गसाठी म्हणून आणलेल्या नव्हत्या.

म्हणूनच पूर्वतयारीचा निधी कशावर खर्चावा हा प्रश्न आला की मी नेहमी अगदी साध्या वस्तूंकडे बोट दाखवतो. हिवतापाची जलद चाचणी हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. हिवतापाच्या प्रदेशात तापाच्या रुग्णाची ही चाचणी नकारात्मक आली की ‘मग हे काय आहे?’ हा प्रश्न तयार होतो, आणि नव्या साथीची पहिली शंका याच प्रश्नातून जन्मते. चाचणीचे संच संपलेले असतील तर प्रत्येक तापाला हिवताप समजून गोळ्या दिल्या जातात आणि तो प्रश्न कुणाच्या मनातच येत नाही. अशा वस्तूंचा पुरवठा महासाथीच्या अर्थसंकल्पात सहसा दिसत नाही. साथ आली की पैसा येतो, ओसरली की आटतो, आणि प्रशिक्षित माणसे कंत्राट संपून घरी जातात. न घडलेल्या साथीचे श्रेय कुणालाच मिळत नसल्याने हे चक्र मोडणे कठीण जाते. मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने महासाथ करार स्वीकारला आणि त्यात लसी व औषधांच्या न्याय्य वाटपाची तत्त्वे मान्य केली. तो आवश्यक होता. तरी करारातील कुपी विमानतळावर उतरल्यानंतरचा, शेवटच्या वस्तीपर्यंतचा प्रवास हा प्रत्येक देशाने स्वतःच करायचा आहे.

फेब्रुवारी २०२१ मध्ये इबोला पुन्हा गिनीच्या त्याच जंगलपट्ट्यात उगवला. या वेळी निदान देशातल्याच प्रयोगशाळेत झाले, प्रभावी लस हाताशी होती, दहा हजारांहून अधिक लोकांना ती देण्यात आली, आणि २३ रुग्ण व १२ मृत्यूंनंतर जून महिन्यात उद्रेक संपला. आधीच्या साथीशी तुलना केली तर हा बदल थक्क करणारा आहे. पण या उद्रेकातील ज्ञात असलेली पहिली रुग्ण स्वतः एक परिचारिका होती. तिला आधी विषमज्वर समजून औषधे दिली गेली, मग हिवताप समजून. ती एका वैदूकडेही गेली, आणि २८ जानेवारीला तिचा मृत्यू झाला तेव्हाही तो इबोला असल्याचे कुणाला माहीत नव्हते. तिच्या अंत्यविधीला आलेल्यांपैकी काही जण आजारी पडू लागले, तेव्हा शंका आली.